चोरून खाणारी सून

प्रिय अंकिता,

सहा वर्षांनी सासूचं पत्र बघून तू दचकशील. फोन केला असता, पण तू रडायला लागतेस आणि मला रडणं ऐकवत नाही, हे तुला ठाऊकच आहे. आंजीत सगळं ठीक आहे. वांगी यंदा बरी निघाली. वैभवची दुसरी बायको कामाला हळू आहे, पण खाण्याची तक्रार नाही.

मी तुला पसंत केलं ते तुझ्या पिंढऱ्या बघून, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तुला बघायला वडनेरला आम्ही जरा लवकरच पोचलो होतो आणि तू साडी खोचून अंगण झाडत होतीस. दंड कसलेले, शिरा वर आलेल्या. मी यांना हळूच म्हटलं, "पोरगी कामाची हाये, दोन करेट वांगे एकटीच उचलते पाहा." सुनेचा रंग बघणाऱ्या बायकांना मी हसायची. हातापायांवर चरबीच धरत नाही असा तुझ्या आईकडून आलेला आजार आहे तो, हे कुणाला माहीत! मला फसवल्यासारखं वाटलं, अजूनही वाटतं.

मग तुझी शुगर निघाली. इन्सुलिन शंभर झालं, दीडशे युनिट झालं, तरी शुगर चारशेच्या खाली येईना. डॉक्टर म्हणाले, पथ्य पाळत नसेल. शेजारच्या तानाबाई तर तोंडावरच बोलल्या, "एवढी वाळकी अन् एवढी शुगर? चोरून खाऊन राह्यली ते." मी कोठीला कुलूप लावलं. सकाळी अर्धी भाकर, संध्याकाळी अर्धी. एकदा तू खुशीच्या ताटातलं उष्टं खाल्लंस, तेव्हा मी तुला पोरीसमोरच हात धरून उठवलं. शेवटी वैभव तुला नागपूरच्या दवाखान्यात टाकून परत आला. ती भूकही आजाराचीच असते, असं तुझ्या डॉक्टरांनी नंतर कागदात लिहिलं होतं. असेल. मी काही डॉक्टर नव्हते.

तो कागद मला मिळाला होता, हे तुला कळवायचं राहिलं. परदेशातून येणारं इंजेक्शन तुला सुरू झालं, भूक आवरली, इन्सुलिन चाळीसवर आलं, खुशी दहाची झाली की तिचीही तपासणी करा, सगळं वाचलं आणि पेटीच्या तळाशी ठेवलं. पोरीला असलं काही आहे हे गावात कळलं असतं तर तिला कोण करून घेणार होतं?

खुशी आता तेरा वर्षांची आहे. न्हाण आल्यापासून तिचे दंड तुझ्यासारखे दिसायला लागले. मी लांब बाह्यांचे ड्रेस शिवून घेतले, ताटही मोजून वाढलं. मागच्या महिन्यात पोटात कळा येऊन ती कोसळली. दवाखान्यात रक्त काढलं, तर नळीत वर सायीसारखी पांढरी चरबी जमली. डॉक्टर म्हणाले, शुगरही आहे, नुसत्या इन्सुलिननं भागणार नाही, नागपूरला न्या. सुनेला सातवा महिना आहे, खेपा कोण घालणार? शिवाय आजार तुमच्याकडचा आणि ते इंजेक्शनही तुलाच माहीत.

तू फोनवर तिला मागायचीस तेव्हा मी नंबर बदलून टाकला होता. आता ती तुझीच, मी कबूल करते. रविवारी वैभव तिला तुझ्या दारापर्यंत आणून सोडेल, तो आत येणार नाही. एक सांगायचं राहिलं. सोडलेल्या बायकोच्या नवऱ्यापेक्षा वारलेल्या बायकोच्या नवऱ्याला लवकर मुलगी मिळते, म्हणून तू दवाखान्यातच वारलीस असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. तुझ्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे ते खपलं. खुशीलाही तेच माहीत आहे. तुझ्या फोटोला ती रोज उदबत्ती लावते. एका मावशीकडे उपचाराला जायचंय, एवढंच तिला सांगितलंय. तेव्हा दार तू उघडू नकोस. आधी शेजारणीला पुढे कर, तिला समजावू दे. पोर घाबरेल.

तुझीच,
आई