दवाई पाजलेला प्लाय

मंगळवार, सौंसर

तो आवाज अजून कानातून जात नाही. उद्या मोहगावच्या शाळेत आमची बाकं पोचवायची होती. आधीची वाळवीनं खाल्ली, म्हणून आमच्या यांनी या वेळी साधा प्लाय कापून वाळवीच्या दवाईत भिजवला, वाळवला आणि बाकं जोडली. आज मी सहज एका बाकाच्या कडेवरून हात फिरवला, तर थर फुगलेले लागले.

"अवो, एकदा बसून पाहा ना," मी म्हटलं.

हे बसले आणि फळी करकरत मधातून फाटली. लागलं नाही, पण खाली पडल्या जागीच त्यांनी फाटलेले थर बोटानं उचकटून पाहिले.

"वाळवी तं थांबली असती वं," म्हणाले, "पण भिजून आतला ग्लूच सुटला."

करकरत... वर लेकरं बसली असती तर?

यांनी लगेच हेडमास्तरांना फोन केला. "गुरुजी, उद्या बाकं नाही देत. लेकरं पडतील." तिकडून नुसतं "बरं" आलं. रागावले असतील का?

हे आता अंगणात एकेक बाक खोलून राहिले. एक चांगलं दिसलं, म्हणून मी म्हटलं, "हे तरी राहू द्या."

"यालेबी तेच दवाईचं पाणी पाजलं हाय," म्हणाले, आणि स्क्रूला पेचकस लावला.