‘तो’ कोण, आई?

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे मी भीतभीतच लिहितेय. बाजाराला जातो म्हणून तू मला आपल्या बेटावरच्या व्हाकोआ गावच्या थेटरात न्यायचीस. फ्रेंच बोलणारे ते जुने अमेरिकन विनोदी सिनेमे! बाई भर लग्नातून पळते, शिकल्यासवरल्या पुरुषाला तोंड उघडू देत नाही, धडधडीत थापा मारते आणि वर त्यालाच माफी मागायला लावते. तू तोंडाला पदर लावून हसायचीस. माझे डोळे दाराकडे. बा आले तर? “अगं, तिच्याकडं बघ की,” तू म्हणायचीस, “कशी ताठ चालते बया!”

मग तो दिवस. मी मास्तरीण व्हायला शिकतेय आणि लालमती गावाहून मला बघायला पाहुणे आलेत. त्यांना शिकणारी सून नको. बा म्हणतात, “शिकणं उद्यापासून बंद.” आणि तू, जन्मात नवऱ्याला ‘अहो’शिवाय हाक न मारलेली, चहाचा ट्रे आदळून बेटावरच्या क्रेओल बोलीत ओरडतेस, “तो रेस त्रांकिल!” म्हणजे ‘तू गप्प बस!’ क्रेओलमधलं ‘तो’ म्हणजे ‘तू’. चारचौघांत, नवऱ्याला अरेतुरे! पण मुलाची आत्या कानानं अधू. तिला आपलं मराठीतलं ‘तो’ तेवढं ऐकू जातं. “तो? कोण तो? पोरीचं कुठं जमलंय की काय?” बांचा चेहरा पांढराफटक. तू एकदाच माझ्याकडं बघतेस. “व्हय, हाय एक. मग?” आणि थांबतच नाहीस. तो चष्मेवाला आहे, हट्टी आहे, पोरीचा नाद सोडायचा नाही. पाहुणे चहा टाकून उठले.

त्यानंतर बा कितीतरी दिवस तू वाढलेलं ताट सरकवून द्यायचे. आज मारतील, उद्या घराबाहेर काढतील, या धास्तीनं मला जेवण जाईना. तू खुशाल रोट्या लाटायचीस. स्थळच मोडल्यामुळं मी मात्र शिकत राहिले, मास्तरीण झाले. “थाप गं ती, सिनेमातल्या बाईसारखी,” तू म्हणालीस. मी मान डोलावली. पण आई, तो होता. पांपलमूस गावचा. चष्म्यासकट, हट्टासकट. पुढं लग्नही त्याच्याशीच झालं, पण तू त्याला बघायच्या आधीच गेलीस. तुला ठाऊक होतं का गं? तेव्हा विचारायला भ्याले. हे पत्र पोचायचं नाही, तेच बरं. तुझ्या उत्तराला मी अजून भिते.