मृतांच्या यादीतलं नाव

बर्मिंगहॅम,
१० नोव्हेंबर १९८६

प्रिय डेलियाताई,

मेरीमातेच्या कृपेने आम्ही सगळे बरे आहोत. तुझी कंबर कशी आहे?

दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहिते. चर्चमध्ये प्रार्थनेसाठी दिलेल्या आमच्या घरच्या मृतांच्या यादीत मी विनिफ्रेड लार्कचं नाव लिहिलं. ती रेडिओवरच्या मालिकेतली बाई, मालिकेत गेल्या महिन्यात वारली. फादरांनी नाव मोठ्याने वाचलं आणि मागची बाकं हसली.

आमची ऊना कॉलेजात मानसशास्त्र शिकते. म्हणाली, "आई, रोज ऐकलेली माणसं घरचीच वाटायला लागतात. पुस्तकातच आहे तसं."

"पुस्तकात माझं नाव नाही ना?"

"आता घालतील."

हसले मीही. पण ताई, त्या यादीत बाबांचं नाव लिहायचं राहिलं होतं. तू कबरीवर जाशील तेव्हा त्यांना एवढं सांगू नकोस.

तुझी धाकटी,
ब्रिडी