कपाटाशेजारची चार बोटं

विसरभोळ्या धाकटीस मोठीचा आशीर्वाद.

माझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचं तू विसरलीस, हेही तू विसरली असशील, म्हणून कळवते. गुडघे कसे आहेत? माझे दोन्ही अजून जागेवर आहेत. (लिहितेय सून. मी सांगेन तेच लिहायचं, असं ठरलंय.)

तर माझ्या खोलीत नवं कपाट आलं. माप मी दिलं, अकरा विती. सुताराचा हात निघाला माझ्याहून लहान. त्यानं आपल्या अकरा विती मोजल्या आणि कपाट भिंतीला चार बोटं तोकडं पडलं. तर म्हणे, "आजी, याला गॅप म्हणतात, मुद्दाम ठेवतात." हा एक शब्द घरात सगळ्यांना पुरतो बघ. नातीच्या शिक्षणात गॅप, म्हणजे ती वर्षभर लोळली. दातांचा डॉक्टर म्हणतो पुढे गॅप आहे, म्हणजे तिथे दातच नाही. मुलगा म्हणतो आपल्या दोघांत गॅप आहे, म्हणजे मी बोलू नये. नेमका अर्थ विचारला तर म्हणाला, "काही नाही गं, मधली रिकामी जागा."

सोमवारी दुपारी विणताना लोकरीचा गुंडा त्या रिकाम्या जागेत गेला. मी धागा ओढला. आतूनही ओढला गेला. जोरात नाही, लहान मूल पदर ओढतं तेवढाच. मी सोडून दिला. चहा पिऊन येते तो गुंडा पलंगावर, आणि असा नेटका गुंडाळलेला की ती कला आपल्या घरात कुणाच्या हातात नाही. (सून इथे थांबली होती. लिही म्हटलं.) लोकर कोमट होती. तेव्हापासून रोज कान लावते. आत कुणी श्वास घेतं. मी रोखला की तेही रोखतं.

मुलाला सांगितलं. तो हसला नाही, त्याचीच धास्ती वाटली. डोक्याच्या डॉक्टरांची वेळ घेऊन आलाय.

ता.क. शनिवारी सुतार फळी ठोकून फट बुजवणार. त्याआधी ये आणि कान लाव. ऐकू आलं तर मुलाला सांग. नाही आलं तर मला एकटीला सांग, मुकाट्यानं डॉक्टरकडे जाईन.

दुसरा ता.क. सून म्हणते तिला काही ऐकू येत नाही. पण लिहिता लिहिता तिनं दोनदा पाय वर घेतलेत.

तिसरा ता.क. येणं जमलं नाही तर भाजलेले शेंगदाणे पाठव. सालं काढून पाठव. मला सालं चालतात, पण हे माझ्यासाठी नाहीत.