सहा मिनिटांचं विणकाम

प्रिय आई,

तुला आणि तालाई मावशीला पोटभर माया. मी बरी आहे. जेवणही वेळेवर होतं, म्हणजे बहुतेक दिवशी. तुझी बोटं अजून दुखतात का?

मी काढलेला आपला सिनेमा घेणाऱ्या वितरकानं अट घातली होती. तू सहा मिनिटं गप्प बसून पानांच्या पट्ट्यांची चटई विणतेस, तो भाग कापायचा. "लोक झोपतील," म्हणाला. मी नकार दिला, तर तो सिनेमाच सोडून गेला. दोन आठवडे मला काही सुचेना. मग शनिवारी दुपारी इथे मेलबर्नमधल्या आपल्या सामोअन चर्चच्या सभागृहात मीच सिनेमा लावला.

तुझं विणकाम सुरू झालं आणि पुढच्या रांगेतली एक आजी पडद्याकडे बघून ओरडली, "अगं, पट्टी घट्ट ओढ!"

"गप गं, तिला शिकवतेस होय!" शेजारीण म्हणाली.

सगळे हसले. थोड्या वेळानं कितीतरी जणी डोळे पुसत होत्या. झोपलं कुणीच नाही.

नंतर त्या आजीनं विचारलं, "तू कुणाची गं?"

बारा वर्षं मी सगळीकडे 'दिग्दर्शिका आणि निर्माती' असंच सांगत आले. त्या दिवशी तुझं नाव घेऊन म्हटलं, "सलेलोलोगा गावच्या सिएनीची."

तिनं सरकून मला शेजारी जागा दिली. आई, ती जागा तुझ्यामुळे मिळाली.

तुझीच,
लुपे