घर घेऊन माहेरी

५ नोव्हेंबर १९९४, शनिवार

आजही चंद्राला ओवाळलं. चौदावी भाऊबीज! ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. मला भाऊ आहे. चांगला धडधाकट, गुहागरच्या खाली आमच्या गावात नारळी-पोफळी राखत बसलाय. आणि मी इथे भाईंदरला बिल्डिंगच्या गच्चीत ताट घेऊन चंद्राची कोर शोधतेय. शेजारची हंसाबेन टाकी बघायला वर आली होती. "भाई नहीं है क्या आपका?" दर वर्षी विचारते. मी दर वर्षी म्हणते, "है. दूर रहता है."

खाली आले तर रसिका म्हणाली, "आई, मामा दिसतो तरी कसा?" ती चार वर्षांची होती तेव्हा बघितलेला. मी म्हटलं, "अभ्यास कर."

८ नोव्हेंबर

सुलूचं पत्र. सुलू म्हणजे माझी भावजय, सदूची बायको. चौदा वर्षांत सदूने एक ओळ लिहिली नाही, हीच लिहिते. "आईंचे गुडघे पार गेले. ओटीवरून खाली उतरत नाहीत. सारखं तुमचं नाव काढतात. काय ते ठरवा."

काय ठरवू?

लिहूनच टाकते एकदा. बाबा गेले तेव्हा हक्कसोडीच्या कागदावर मी आपणहून सही केली. मला जमीन नकोच होती. सही झाली सकाळी. दुपारी तेराव्याच्या पंगतीत सदू वाढत होता. माझ्या पानापाशी आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "पोटभर जेव ताई, आता तुझं इथे एवढंच." चेष्टेत म्हणाला म्हणे! ज्याला मी कडेवर घेऊन शाळेत सोडलं, त्याने! मी भरल्या पानावरून उठले आणि म्हणाले, या घरचं पाणी पिणार नाही.

बोलले ते बोलले. मागे घेतलेलं नाही, घेणारही नाही. पण आई ७८ वर्षांची आहे.

९ नोव्हेंबर

हे म्हणतात, "शपथ पाण्याची आहे ना? मग घरात जा, आईला भेट, पाणी नको पिऊ."

पुरुषांना काही म्हणजे काही कळत नाही! आमच्याकडे माणूस दारात आलं की आधी गुळाचा खडा आणि तांब्या. आई स्वतः हातात देणार. तिच्या हातचं पाणी मी परतवू? त्यापेक्षा न गेलेलं बरं.

१३ नोव्हेंबर, रविवार

सुचलं! आणि मलाच सुचलं, यांना नाही.

हे — आत्माराम, वहीत नाव लिहायला काय हरकत आहे — बसच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात आहेत, काशीमिऱ्याला. तिथे एक जुनी मॅटाडोर येऊन पडलीय. कुठल्याशा ट्रस्टचा फिरता दवाखाना होता. इंजिन ठीक आहे. शेठ म्हणाले, "आत्माराम, तुला काय करायचं ते कर तिचं." आज डबा द्यायला गेले आणि आत डोकावले. लांब बाक, हात धुवायचं बेसिन, वर पाण्याची टाकी, औषधांचं कपाट. मी तिथेच उभी राहिले. बाकाची रुंदी वितीने मोजली. माणूस आरामात झोपेल. कपाटात डबे राहतील. बेसिनशेजारी स्टोव्ह.

घर आहे हे! आपलं घर घेऊनच गेलं तर? गाडी गावात उभी करायची, आईला गाडीत आणायचं. ती माझ्या घरी येईल, मी तिला माझ्या हातचं जेवायला घालीन. त्या घराचा थेंब नको न् कण नको.

यांना सांगितलं. बराच वेळ स्क्रू-ड्रायव्हरने कान खाजवत राहिले. मग म्हणाले, "येताना घाटावरून येऊ. कोयना बघायचीय मला." म्हणजे हो.

१५ नोव्हेंबर

चार दिवस. २४ ते २७ डिसेंबर. रसिकाला नाताळची सुट्टी, यांची रजा मंजूर. जाताना पनवेल, महाड, चिपळूण, गुहागर. एक दिवस गावात. येताना कुंभार्ली घाट, कोयना, सातारा, जमलं तर पाचगणी. नकाशा भिंतीला लावलाय. रसिकाने पेन्सिलीने रस्ता काढला. गावापाशी येऊन थांबली. "गाडी लावणार कुठे?"

बरोबर विचारलं पोरीने. अंगण सदूचं. अंगणात लावली तर त्याच्या दारात गेल्यासारखंच. देवळापाशी माळ आहे, तो सगळ्या गावाचा. तिथे.

२० नोव्हेंबर, रविवार

दिवसभर कारखान्यात. यांनी बाकाखाली फळी बसवली, ओढली की दुसरा पलंग होतो. मी पडदे शिवले. जुन्या साडीचे, हिरव्या. गाडीवरची "फिरता दवाखाना" ही अक्षरं घासून घासून हात दुखले, तरी पुसट दिसतातच. रंग मिळेल तेव्हा मिळेल.

दोन मजले सोडून राहणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "अहो, दवाखान्याच्या गाडीत झोपणार? अशुभ नाही का?" मी म्हटलं, "त्यात माणसं बरी होत होती, वहिनी."

२७ नोव्हेंबर, रविवार

आज चाचणी. इथल्या भाईंदरजवळच्या पालीला गेलो, समुद्रावर. गल्लीत एक स्कूटर समोर आली तर हे दहा मिनिटं मागेपुढे करत होते. पण पोचलो. किनाऱ्याला गाडी लावली, दार उघडलं, समोर सगळा समुद्र! स्टोव्ह पेटवला. रसिका बाकावर आडवी होऊन म्हणाली, "आई, हे तर घरापेक्षा मोठं वाटतंय." खरंच वाटत होतं.

चहा उकळला तोच एक म्हातारी दारात. सरूबाई. वाळत घातलेले बोंबील सोडून आली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि गुडघा पुढे केला. "डागदर कवा येनार? ह्यो बग कसा सुजलाय." पुसट अक्षरं कुणीतरी वाचून दाखवली असणार! मी म्हटलं, "मावशी, दवाखाना नाही. आमचं घर आहे हे."

"घर हाय? मंग चाय दे."

चढायला गेली तर पाय वरच येईना. पायरी फार उंच. यांनी आणि मी दोन बाजूंनी धरून चढवलं. हिचा एक गुडघा, तर आईचे दोन्ही. आपण एवढं घर बांधलं आणि जिच्यासाठी बांधलं तिला चढता येणार नाही! मला का नाही सुचलं?

चहा पिताना सरूबाईने विचारलं, "चाल्लीस कुटं?" मी सांगितलं, आईला भेटायला. "मंग आयच्या घरात ऱ्हा की. ह्ये कशाला?" मी म्हटलं, भावाशी बोलत नाही. ती हसली. "माजा भाव बी बोलत न्हाय. पन त्यो बाजूलाच ऱ्हातो, त्याला बोलाया लागतं." बोंबील दिले, घ्यावेच लागले.

परत येताना यांनी एकच वाक्य उच्चारलं. "पायरी दोन टप्प्यांची करतो." हे असेच. म्हणून तर निभावलं एवढी वर्षं.

१ डिसेंबर

पत्र टाकलं. सुलूच्या नावे, पण सदू वाचणार हे धरूनच. "आम्ही २४ तारखेला संध्याकाळी येतो. गाडी देवळापाशी लावू. राहणं, जेवण, पाणी सगळं आमचं आमच्याबरोबर आहे. तुम्हाला काही त्रास नाही. २५ ला सकाळी आईला खुर्चीत बसवून तेवढं देवळापर्यंत आणावं."

दोनदा वाचलं. कडक आहे. असू दे.

४ डिसेंबर, रविवार

पायरी झाली. दोन टप्पे, बाजूला धरायला दांडी. हंसाबेनच्या सासूबाईंना चढवून बघितलं. एकट्या चढल्या! आत बसल्या आणि उतरायलाच तयार नाहीत. "मने पण लई जाओ," म्हणाल्या, मलाही न्या. मी हसले आणि मग उगाच रडूही आलं. रसिका बघत होती.

१० डिसेंबर

सदूचं पत्र. सुलूचं नाही — सदूचं! अक्षर अजून तसंच, उजवीकडे कललेलं. मीच गिरवून घेतलं होतं. सगळं इथे उतरवते, आहेच केवढं:

"ताई, गाडी देवळापाशी नको. आईला तेवढं आणवणार नाही, खुर्चीत बसवलं की घाबरते. गाडी अंगणात येईल एवढा गडगा पाडून ठेवला आहे. सदू."

गडगा पाडला! अंगणाचं दगडी कुंपण, बाबांनी दोन उन्हाळे खपून रचलेलं. मी नववीत होते. दगड डोक्यावरून वाहिले मी, सदू नुसता वर बसून पाय हलवायचा. कुणी सांगितलं होतं पाडायला? मला न विचारता?

मग आठवलं की मला विचारायचं काही कारणच नाही. मीच सही करून दिलीय.

११ डिसेंबर

अंगणात लावणार नाही. ठरलं.

१२ डिसेंबर

हे म्हणाले, "गाडी मी चालवणार. कुठे लावायची ते मी बघतो." लग्नाला बावीस वर्षं झाली, पहिल्यांदा आवाज चढवला. मी भांडी जरा जोरात घासली.

पण आई खुर्चीत घाबरते, हे मला माहीत नव्हतं. मला तिचं काय माहीत आहे? काय खाते, किती चालते, रात्री झोप लागते की नाही? मी पत्रात लिहायचे "तब्येतीला जप" आणि सुलू लिहायची "बऱ्या आहेत". झालं!

१८ डिसेंबर, रविवार

आपण जातोय म्हटल्यावर सगळ्या बिल्डिंगची कोकणात माणसं आहेत असं कळलं! पहिल्या मजल्यावरचे शशिकांत भावोजी चिपळूणला मिक्सर पोचवा म्हणतात. कुणाचं लुगडं, कुणाची औषधं, कुणाची लग्नपत्रिका "हातोहात". एकाने तर महाडला सासऱ्यांकडे शिलाई मशीन न्या म्हणून सांगितलं. "तुमच्याकडे जागाच जागा!" मी मिक्सर आणि औषधं घेतली. मशीनला चक्क नाही म्हटलं. त्या बाकावर आई बसणार आहे, मशीन नाही.

यांना सांगितलं, अंगणात लावा. घरात मात्र मी जाणार नाही. हे म्हणाले, "बरं." मिशीत हसले, मला दिसलं.

२३ डिसेंबर, शुक्रवार

सगळं चढलं. तांदूळ, डाळ, कांदे, स्टोव्ह, दोन पातेली, आईसाठी मऊ उशी, हंसाबेनचे थेपले. पाण्याचे दोन कॅन. इथे नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तरी आज कपडे न धुता पाणी साठवलं. हे म्हणाले, "भाईंदरचं पाणी कोकणात नेणारी तू पहिलीच!" म्हणू दे. आईला सांजा आवडतो, रवा भाजून घेतला.

पहाटे चारला निघायचं. काय बोलू तिच्याशी पहिल्यांदा? सगळा प्लॅन केला, हे तेवढं राहिलंच.

२४ डिसेंबर, चिपळूण

दुपार. कशेडीचा घाट नीट चढलो. मिक्सर पोचवला. त्यांनी जेवायचा आग्रह केला, आम्ही आमच्या घरात जेवलो, रस्त्याच्या कडेला. रसिका दाराशी बसून पाय हलवतेय. अजून दोन तास.

२६ डिसेंबर, कुंभार्ली घाट

काल लिहिता आलं नाही.

अंगणात गाडी थांबली, ओटीवर आई दिसली आणि मी घरात गेले. पाणी सुलूने दिलं आणि प्यायले. चौदा वर्षं धरून बसले, पण त्यात काहीच नव्हतं.

आईला गाडीपाशी यांनी आणि सदूने मिळून आणलं. दोन पायऱ्या ती आपली आपण चढली. बाकावर बसली, पडदा हाताने चाचपला. म्हणाली, "ह्या तुजा घर काय?" मी म्हटलं, हो. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सदूच्या घराक येनार न्हाय म्हनालीस, बरा. पन गो वासू, मला तुज्या घराक ये म्हनून चवदा वर्सात येकदा तरी लिवलंस? पयली दोन वर्सा मी बोचका बांधून ठेवलंला."

एकदाही नाही लिहिलं. शपथ माझ्यावर होती, तिच्यावर नव्हती. मला सुचलंच नाही.

आई आता पुढे बसलीय, यांच्या शेजारी. घाटावर पहिल्यांदाच चाललीय, आयुष्यात. बोचकं सदूने स्वतः आणून ठेवलं.