दाजी आणि वाऱ्याचा भोंगा

प्रिय ताई,

दाजींचं ऐकत जा, त्यांनी तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत, असं तू मागच्या पत्रात लिहिलंस. ऐकलं बाई. फार ऐकलं.

तुझे महाराज इथे उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसायचे आणि मी खाली माल हुकाला अडकवायचो. वर बसलेला माणूस शहाणाच असतो, ही त्यांची ठाम समजूत. अख्ख्या साइटला ऐकू जाईल असं वॉकीटॉकीवर मला शाळेचा शत्रू म्हणायचे. तुला पत्र लिहिताना जोडाक्षर आलं की मात्र गुपचूप याच शत्रूच्या खोलीत यायचे.

क्रेनच्या टोकाला वारा मोजायचं यंत्र आहे. तीन वाट्या वाऱ्यावर गरगर फिरतात. वारा वाढला की भोंगा वाजतो, आणि भोंगा वाजला की माल खाली ठेवायचा, असा नियम. दाजींना त्याचा भारी राग. हे डबडं मला वारा शिकवणार? मेव्हणे, रेडिओवाल्याच्या दुकानात डाख लावून आयुष्य फुकट घालवलंत ना, आता याचं तोंड बंद करा, असं फर्मान सुटलं.

त्या यंत्राची पेटी उघडली. इतकी सोपी गोष्ट की दाजींनाही कळली असती, विचारायची लाज वाटली नसती तर. वाट्यांची एक फेरी झाली की लोहचुंबक एका बारक्या स्विचपुढून जातो आणि एक झटका आत येतो. कपॅसिटर म्हणजे एक बादली, झटक्यागणिक तिच्यात तांब्याभर वीज पडते, असं समज. शेजारचा रेझिस्टर म्हणजे त्या बादलीचं भोक, तिथून ती गळत राहते. वारा जोरात असला की तांबे भराभर पडतात, बादली खुणेच्या वर जाते, भोंगा वाजतो. उशिरा वाजवायचा तर भोक मोठं करायचं. मी कमी ओहमचा रेझिस्टर लावला आणि मोकळा झालो. दाजी सगळ्यांना सांगत सुटले, वारा आता माझ्या शब्दाबाहेर नाही.

मग एका दुपारी लोखंडी प्लेटांचा गठ्ठा आमच्या डोक्यावर पाळण्यासारखा झुलायला लागला. डोळ्यांत धूळ, माणसं वाट फुटेल तिकडे पळतायत, भोंगा गप्प, आणि वॉकीटॉकीवर तुझे महाराज गाणं म्हणतायत. त्या झोक्यांनी क्रेनची मान कशी हलत होती, ते मला खालून दिसत होतं. ती मोडली असती तर सगळ्यात आधी केबिनच खाली आली असती. उतरल्यावर हात जोडून सांगितलं, तर म्हणाले, भित्र्या, जा, बहिणीच्या पदराआड बस.

अशा माणसापुढे शब्द वाया. दुसऱ्या दिवशी मी भोक बारीक केलं, मुळात होतं त्याहूनही बारीक. आता फुंकर आली तरी भोंगा. वाटलं, वैतागून उतरतील. उतरतात कसले! शिव्या घालत माल उचलतच राहिले. नेमका सुरक्षेचा साहेब खाली उभा. भोंगा बोंबलतोय आणि हुकाला माल लटकतोय! त्याच दिवशी दाजींना कामावरून काढलं. वारा नव्हता हो साहेब, असं ते गळा काढून सांगत होते आणि सगळे हसत होते. यंत्राला कुणी हात लावलाय का, असं साहेबानं विचारलं. दाजींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, कुणीच नाही.

मी साहेब गेल्यावर मूळचा रेझिस्टर शोधून परत लावला, एवढंच.

दाजी आज गाडीत बसले. आल्यावर तुलाही तेच सांगतील, वारा नव्हता म्हणून. शेजारीपाजारी हसतील, तुलाही ती नेहमीची थाप वाटेल. ताई, नव्हताच वारा. जन्मात एकदा तो माणूस खरं बोलतोय, आणि ते खरं आहे हे माहीत असलेला मी एकटाच आहे. निदान तू तरी हसू नकोस.

तुझाच,
धाकटा